शिक्षकांचे निवृत्तिवेतन आणि अमेरिकेची सामाजिक सुरक्षा : एका शून्याचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामाजिक सुरक्षेचा कायदा १४ ऑगस्ट १९३५ रोजी अस्तित्वात आला. वृद्धापकाळी दरमहा वेतन देणाऱ्या या योजनेतून घटक राज्यांचे व स्थानिक संस्थांचे नोकर, आणि अर्थातच सार्वजनिक शाळांतील शिक्षक, वगळण्यात आले. राज्य सरकारांवर मालक या नात्याने मध्यवर्ती सरकारला कर बसविता येईल काय, ही घटनात्मक शंका त्याच्या मुळाशी होती. १९५० व १९५४ च्या दुरुस्त्यांनी राज्यांना स्वेच्छेने योजनेत येण्याची मुभा दिली. अनेक राज्यांनी ती घेतली. परंतु कॅलिफोर्निया, इलिनॉय, ओहायो, मॅसॅच्युसेट्स आदी राज्यांनी शिक्षकांचे स्वतंत्र निवृत्तिवेतन निधीच कायम ठेवले.

या दुहेरी व्यवस्थेतून पुढे जो वाद उद्भवला, त्याचे बीज गणनासूत्रात आहे. पस्तीस वर्षांच्या मिळकतीची मासिक सरासरी काढून तिच्या पहिल्या टप्प्यावर ९०, दुसऱ्यावर ३२ व तिसऱ्यावर १५ टक्के देण्यात येतात. अल्पवेतनी श्रमिकाला झुकते माप देणे हा त्यामागील हेतू होय. आता एखाद्या शिक्षकाने पंचवीस वर्षे अध्यापन व दहा वर्षे खाजगी नोकरी केली, तर त्याच्या खात्यात पंचवीस शून्ये पडतात. त्या शून्याचा खरा अर्थ ‘अन्यत्र मिळविले’ असा असतो. सूत्र मात्र तो ‘मिळविलेच नाही’ असा लावते आणि त्या शिक्षकाला गरीब समजून वाढीव दर देते.

१९८३ च्या कायद्याने यावर उपाय योजला. ९० टक्क्यांचा दर ४० पर्यंत उतरविण्यात आला. योजनेखाली तीस वर्षे पुरेशी मिळकत असणाऱ्यास मात्र कपात नव्हती. २०२४ साली या कपातीची कमाल मर्यादा दरमहा ५८७ डॉलर होती. तरतुदीच्या नावातच ‘विंडफॉल’, म्हणजे अनायासे हाती लागलेले घबाड, हा शब्द होता. ज्या शिक्षकांनी दोन्हीकडे वर्गणी भरली होती, त्यांना तो बोचला यात नवल नाही.

पती-पत्नीच्या लाभांविषयीचा नियम त्याहून जुना, १९७७ चा. योजनेतील स्त्रीला पतीच्या खात्यावरील लाभ तिच्या स्वतःच्या लाभाइतका कमी होऊन मिळे. स्वतंत्र निधीतील शिक्षिकेला मात्र दोन्ही पूर्ण मिळत. ही विषमता टाळण्यासाठी तिच्या निवृत्तिवेतनाची रक्कम, १९८३ नंतर तिचे दोन-तृतीयांश, वजा होऊ लागली. १,५०० डॉलर निवृत्तिवेतन असलेल्या विधवेचा १,००० डॉलरांचा लाभ त्यामुळे संपूर्ण नाहीसा होई. सेवेचा अखेरचा दिवस योजनेतील पदावर गेल्यास या नियमातून सूट होती. टेक्सासातील अनेक शिक्षक त्यासाठी एक दिवस सफाईचे वा कारकुनी काम करीत. २००४ च्या कायद्याने एका दिवसाच्या जागी पाच वर्षांची अट घातली.

५ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या स्वाक्षरीने या दोन्ही तरतुदी रद्द झाल्या, आणि जानेवारी २०२४ पासूनचे लाभ पूर्ण दराने देय ठरले. दहा वर्षांत याचा भार सुमारे १९६ अब्ज डॉलर पडेल, असा काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब होता. नव्या कायद्याच्या नावात ‘घबाडा’ची जागा ‘न्याया’ने घेतली. पण न्याय कोणाच्या बाजूने, हे तेवढ्याने ठरत नाही. विधवा शिक्षिकेची हानी थांबली, हे खरे. त्याचबरोबर जन्मभर अल्प वेतनावर राबलेला मजूर आणि अन्यत्र निवृत्तिवेतन मिळविणारा शिक्षक यांची शून्ये सूत्राच्या दृष्टीने पुन्हा एकच झाली. दोष १९३५ मध्ये वेगळ्या झालेल्या दोन वह्यांचा आहे. त्या एकत्र वाचल्या जात नाहीत, तोवर प्रत्येक दुरुस्ती कोणावर तरी अन्याय करीतच राहील.