शुक्राणूची शिदोरी

वाराणसी शहराच्या परिसरात आराजीलाइन येथे एक शासकीय पशुप्रक्षेत्र आहे. तेथे गंगातिरी गाई जोपासल्या जातात. पांढऱ्या किंवा करड्या रंगाची ही गाय वाराणसी, गाझीपूर, बलिया आणि पलीकडे बिहारच्या भोजपूर भागातली. दूधही द्यावे आणि नांगराला बैलही द्यावा, अशी तिची दुहेरी ख्याती. ट्रॅक्टर आला तशी बैलाची गरज ओसरली; संकरित गाय आली तसे तिचे दूध कमी वाटू लागले. शुद्ध वाणाची जनावरे घटत गेली. आज हा वाण टिकवण्याचा भार बऱ्याच अंशी एका बारीक नळीवर आहे. पशुवैद्यक तिला वीर्यकांडी म्हणतात. पाव मिलिलिटरची ही कांडी उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रात ठेवलेली असते. आपल्याकडील मानकानुसार तिच्यात किमान दोन कोटी शुक्राणू असावे लागतात आणि ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरल्यावर त्यांतले निम्मे तरी पुढे पोहू लागावे लागतात.

गोठलेला जीव अर्ध्या मिनिटात पोहू लागतो, तो कोणत्या बळावर? या प्रश्नाचा इतिहास सुमारे अडीचशे वर्षांचा आहे.

१६७७ मध्ये डेल्फ्ट येथील आंतोनी व्हान लेव्हेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली शुक्राणू पाहिले. त्यांची वळवळ पाहून ते सजीव आहेत, एवढे त्याने ओळखले. ते का हलतात, हे विचारण्याची साधने त्या काळी नव्हती. पुढे शंभर वर्षांनी इटलीतील लाझारो स्पालान्झानी याला दिसले की, बर्फाच्या थंडाव्यात शुक्राणू निश्चल होतात आणि ऊब मिळताच पुन्हा हलू लागतात. गोठित वीर्याच्या कल्पनेचे बीज या निरीक्षणात होते. याच स्पालान्झानीने पिचकारीने एका कुत्रीत कृत्रिम रेतन केले आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. गंमत अशी की, फलनाचे काम हे वळवळणारे जीव करतात, यावर खुद्द त्याचा विश्वास नव्हता! प्रयोग बरोबर आणि निष्कर्ष चुकीचा, अशी उदाहरणे विज्ञानात विरळ नाहीत.

ऊर्जेचा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारता आला तो विसाव्या शतकात. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोहमान यांनी आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत सायरस फिस्के व आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूंतून एटीपी हा रेणू वेगळा केला. पेशीच्या ऊर्जेचे चलन म्हणून आज प्रत्येक विद्यार्थ्याला तो ठाऊक असतो. शुक्राणूची शेपटीही याच चलनावर हलते. शेपटीतील सूक्ष्मनलिकांना एकमेकींवरून सरकवणारे प्रथिन एटीपी खर्च करते. इयान गिबन्स यांनी एका एकपेशीय जीवाच्या रोमकांत ते शोधले आणि १९६५ मध्ये त्याला डायनीन हे नाव दिले.

चलन कळले; पण टांकसाळ कोठे? शुक्राणूकडे दोन वाटा आहेत. शेपटीच्या लांब भागात शर्करेचे विघटन होऊन प्राणवायूवाचून थोडे एटीपी मिळते आणि लॅक्टिक आम्ल उरते. मानेखालच्या मध्यखंडावर तंतुकणिका मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या असतात. तेथे प्राणवायूच्या साहाय्याने कितीतरी अधिक एटीपी तयार होते. कोणत्या वाटेवर किती भर, हे प्राण्यागणिक बदलते. उंदराचा शुक्राणू शर्करा-विघटनावर अधिक विसंबतो, घोड्याचा तंतुकणिकांवर. वळूचा दोन्ही वाटा वापरतो. वळूच्या शुक्राणूंचे हे दुहेरी गणित अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हेन्री लार्डी आणि पॉल फिलिप्स यांनी १९४० च्या आसपास मांडले. वीर्य टिकवण्यासाठी अंड्याच्या पिवळ्या बलकाचे मिश्रणही त्यांनीच रूढ केले. थंडीच्या धक्क्यापासून शुक्राणूच्या पटलाला वाचवणारा हा बलक आजही अनेक प्रयोगशाळांत वापरला जातो.

शिदोरीत नेमके काय बांधलेले असते, हे केंब्रिजमधील थॅडियस मान यांनी दाखवले. वीर्यातील साखर ग्लुकोज असावी, असा समज होता. १९४६ मध्ये मान यांनी सिद्ध केले की ती फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, आहे. बाटलीत ठेवलेल्या वीर्यात ही साखर घटत जाते आणि लॅक्टिक आम्ल वाढत जाते. आम्लता वाढली की शेपटी मंदावते आणि अखेर थांबते. यातून पशुसंवर्धकाला एक व्यावहारिक धडा मिळाला. बाटलीतला शुक्राणू जितका धावेल, तितका लवकर संपेल. म्हणून त्याला जपायचे, तर त्याची चयापचयक्रिया मंद करायची. गरजेच्या क्षणापर्यंत शिदोरी सोडू द्यायची नाही.

ही क्रिया पूर्ण थांबवण्याची किल्ली सापडली ती एका चुकीच्या चिठ्ठीमुळे. लंडनजवळच्या मिल हिल येथे ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स कोंबड्याचे शुक्राणू फ्रुक्टोजच्या द्रावणात गोठवून पाहत होते. यश येत नव्हते. काही महिन्यांनी शीतगृहात ठेवलेल्या जुन्या बाटलीतले द्रावण त्यांनी वापरले आणि शुक्राणू वितळल्यावर हलू लागले! नवे फ्रुक्टोज आणून पाहिले, तर पुन्हा अपयश. तेव्हा बाटलीत उरलेल्या थेंबांचे पृथक्करण केले. त्यात साखर नव्हतीच. ग्लिसरॉल आणि प्रथिन होते. काचपट्टीवर ऊतींचे छेद चिकटवण्याच्या द्रावणाशी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. हा शोध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९५१ मध्ये गोठित वीर्यापासून पहिले वासरू जन्मले.

भारतातील वाटचाल याच काळातली. १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपतकुमारन यांनी हळ्ळीकार गाईंवर कृत्रिम रेतन केले. १९४२ मध्ये इज्जतनगरला पी. भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली पद्धतशीर संशोधन सुरू झाले. ऑगस्ट १९४३ मध्ये वाराणसीहून फार दूर नसलेल्या अलाहाबादच्या कृषी संस्थेत कृत्रिम रेतनातून म्हशीचे पहिले पारडू जन्मले. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ची स्थापना केली आणि गोठित वीर्याचे तंत्र थेट शेतकऱ्याच्या दारात नेले. गाय माजावर आली की वळू शोधत हिंडायचे, ही पद्धत तेथून मागे पडू लागली.

या यशाला दुसरी बाजू आहे. कांडीत कोणते वीर्य भरायचे, हे जीवरसायनशास्त्र ठरवत नाही, माणसे ठरवतात. होल्स्टीन आणि जर्सीच्या कांड्या गावोगाव पोचल्या, दूध वाढले, अनेक घरांत प्रथमच रोख पैसा आला. त्याच कांड्यांनी गंगातिरीसारखे वाण मागे ढकलले. आता तेच वाण राखण्यासाठी तीच कांडी हाताशी आहे. म्हशीच्या बाबतीत अडचण अधिक. रेड्याचे शुक्राणू गोठवण्याचा आघात वळूच्या शुक्राणूंपेक्षा कमी सोसतात. वितळल्यावर तंतुकणिका दुखावलेल्या असल्या, तर शेपटी थोडी हलते. लांबचा प्रवास मात्र होत नाही.

सर्वांत नवा अध्याय वासराच्या लिंगाशी निगडित आहे. पूर्व उत्तर प्रदेशात मोकाट गोऱ्ह्यांपासून पीक वाचवण्यासाठी शेतकरी रात्री जागतात. दारात कालवडच यावी, ही त्यांची अपेक्षा म्हणूनच समजण्यासारखी आहे. एक्स गुणसूत्र वाहणाऱ्या शुक्राणूत डीएनए सुमारे चार टक्के अधिक असतो; प्रचलित यंत्रे या फरकावर शुक्राणू निवडतात. लिंगविनिश्चित वीर्याच्या अशाच स्वदेशी तंत्राचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे झाले. जपानमधील हिरोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये वेगळीच वाट दाखवली. एक्स गुणसूत्रावरील जनुकांपासून बनणारे दोन ग्राहक त्यांनी एका रसायनाने चेतवले. उंदराच्या एक्सवाहक शुक्राणूंत एटीपी घटले आणि ते मागे पडले; वायवाहक पुढे पोहत गेले. पुढे हा प्रयोग गुरांच्या वीर्यावरही झाला. शिदोरी कोणाची किती, यावरून लिंग ओळखता येते, असा त्याचा अर्थ.

स्पालान्झानीच्या बर्फापासून हिरोशिमापर्यंत या विद्येने एकच गोष्ट पुनःपुन्हा शिकवली: शुक्राणूला बळ देण्याआधी त्याला थांबवता आले पाहिजे. वाण वाचवण्याचे काम मात्र थांबून होणारे नाही. आराजीलाइनच्या गोठ्यातील वळू म्हातारा होण्यापूर्वी त्याच्या कांड्या भरून ठेवाव्या लागतात आणि त्या मागणारा शेतकरीही गंगेच्या तीरावर उरावा लागतो. पहिले काम प्रयोगशाळेला साधते. दुसरे साधायचे, तर गंगातिरी पाळणे त्या शेतकऱ्याला परवडले पाहिजे.