हिऱ्यातलं 'छिद्र': आजीची अंगठी आणि जुने कट

आजचा एपिसोड एका अंगठीवरून सुचला. माझ्या आजीची अंगठी, तिला तिच्या सासूबाईंनी दिलेली. ताईच्या लग्नात ती ताईला द्यायची, असं आजीने ठरवलं. साइज वाढवायला आम्ही सराफाकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हिरा चांगला आहे, पण कट जुना. मधे छिद्र दिसतंय. नव्याने पैलू पाडून घ्या, मग बघा कसा चमकतो!" आजी एकदम गप्प झाली. मी म्हटलं, आठवडाभर थांबूया. तो आठवडा मी वाचण्यात घालवला.

पहिली गोष्ट म्हणजे, ते छिद्र नव्हतंच. हिऱ्याच्या खालच्या टोकाला एक छोटा सपाट पैलू असतो, त्याला क्युलेट म्हणतात. जुन्या हिऱ्यांत तो मोठा ठेवायचे, म्हणून वरून पाहिलं की मधोमध टिपका दिसतो. सराफ ज्याला दोष म्हणत होते, तो खरं तर हिऱ्याच्या वयाचा दाखला होता.

आता थोडा इतिहास. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतातूनच जायचे. आपले कारागीर वजन जपून पैलू पाडायचे. युरोपात आधी टेबल कट आला, मग रोझ कट: तळ सपाट आणि वर घुमटासारखे त्रिकोणी पैलू. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ओल्ड माइन कट चालला: उशीसारखा आकार, वरचा भाग उंच, माथ्याचा सपाट पैलू लहान. सगळं हाताने आणि नजरेच्या अंदाजाने. १८७० च्या दशकात बोस्टनमध्ये हेन्री मोर्सच्या कारखान्यात हिरा गोल घासायचं यंत्र आलं आणि गोल ओल्ड युरोपियन कट रुळला. पुढे १९१९ मध्ये मार्सेल टॉल्कोव्स्कीने 'डायमंड डिझाइन' या पुस्तकात प्रकाशाचं गणित मांडलं. आजच्या गोल ब्रिलियंट कटचा पाया तोच.

पण जुने कट विजेच्या दिव्यांच्या आधीचे, हे विसरू नका. त्या रात्री आजीने अंगठी देवघरात निरांजनाजवळ धरली. ट्यूबलाइटखाली शांत वाटणारा हिरा तिथे मोठमोठे रंगीत लखलखाट फेकायला लागला!

आणि नव्याने पैलू पाडायची किंमत काय असते? आपल्या नाशिकच्याच हिऱ्याचं बघा. 'नासक डायमंड' त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, असं सांगतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तो इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला विकला गेला. तिथल्या जवाहिऱ्यांनी त्याला नवे पैलू पाडले. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने पुन्हा पाडले. त्या एका खेपेतच ८० कॅरटच्या हिऱ्याचा ४३.३८ कॅरट झाला. चमक वाढली असेल, पण देवळातला तो आकार कायमचा गेला. आमच्या कोडमध्ये चूक झाली तर जुनं व्हर्जन परत आणता येतं. हिऱ्याला अनडू नाही.

आम्ही हिऱ्याला हात लावू दिला नाही. फक्त साइज वाढवली आणि झिजलेले प्रॉन्ग, म्हणजे हिरा धरून ठेवणारे सोन्याचे दात, नीट करून घेतले.

तुमच्या घरीही अशी अंगठी असेल तर एवढं करा. हिरा कठीण असतो, पण आपटला तर कडेचा टवका उडू शकतो. जुन्या हिऱ्यांची कड बऱ्याचदा पातळ असते, त्यामुळे भांडी घासताना, जिममध्ये अंगठी काढून ठेवा. पोहतानाही काढा, क्लोरीन सोन्याला चांगलं नाही. मागून उघडं कोंदण असेल, तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. मागून बंद असेल, तर पाण्यात अजिबात बुडवू नका. आत चमकेसाठी पत्र्याचा पातळ वर्ख असू शकतो, तो काळा पडतो. अल्ट्रासाउंड मशीनलाही नाही म्हणा. अंगठी वेगळ्या डबीत ठेवा, कारण हिरा बाकीच्या दागिन्यांवर चरे पाडतो. आणि वर्षातून एकदा प्रॉन्ग तपासून घ्या.

लग्नात ताईने अंगठी घातली, तेव्हा एका मावशीने विचारलंच, "मधे छिद्र आहे का गं?" उत्तर आजीनेच दिलं, "छिद्र नाही, क्युलेट म्हणतात त्याला!"

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर आजीचा डबा एकदा उघडून बघा, आणि आजीला सोबत घेऊनच बघा.