जे दिसत नाही ते असते का? आत्मा, सत्य आणि 'अज्झत्त'

विहारातल्या रविवारच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, आत्मा दिसत नाही म्हणून आपण तो नाकारतो. मग सत्य तरी कुठे दिसतं? मैत्री, करुणा कुठे दिसते?" विचारणारा बहुधा कॉलेजात कुणाशी तरी वाद घालून आलेला असतो आणि तिथे त्याची बोलती बंद झालेली असते. आमचीही त्या वयात झाली होती. कारण आम्ही 'दिसत नाही म्हणून नाही' असे ठोकून दिले होते, आणि ते उत्तर मुळात बौद्धांचे नाहीच.

तथागतांनी हा प्रश्न कसा हाताळला हे दीघनिकायातल्या तेविज्ज सुत्तात सापडते. कोसल देशात अचिरवती नदीकाठी मनसाकट नावाचे गाव होते. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माशी एकरूप होण्याचा सरळ मार्ग कोणता, यावर तिथे भांडत होते. तथागतांनी त्यांना विचारले, तुमच्या आचार्यांपैकी कुणी ब्रह्मा पाहिला आहे का? त्यांच्या आचार्यांनी? मागच्या सात पिढ्यांत कुणी? उत्तर प्रत्येक वेळी 'नाही'. मग आंधळ्यांच्या रांगेचा दृष्टांत येतो: पहिल्याला दिसत नाही, मधल्याला नाही, शेवटच्यालाही नाही. पण आमच्या मते या सुत्ताचा खरा भाग पुढे आहे. शेवटी तथागत त्या तरुणांना मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा शिकवतात. या चारही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे आक्षेप अदृश्य असण्यावर नव्हता. ज्याचा अनुभव कुणालाच नाही आणि ज्याची पारखही करता येत नाही, त्याच्या नावाने मार्ग सांगण्यावर होता. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग 'अधम्म काय' हे सांगताना घेतला आहे, ईश्वर आणि आत्मा यांवरील विश्वासाच्या शेजारीच.

आता उलट बाजू. ती लपवून ठेवणे आम्हाला पटत नाही. दीघनिकायातच पायासि सुत्त आहे. सेतव्या नगरीचा अधिपती पायासी म्हणतो, परलोक नाही, कारण मी तपासून पाहिले. त्याने एका चोराला जिवंतपणी रांजणात कोंडून तोंड लिंपून बंद केले आणि तो मेल्यावर जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहिले. काही दिसले नाही. याच सुत्तात कुमारकस्सप त्याला जन्मांधाची उपमा देतात: आंधळ्याने रंग नाहीत, चंद्र-सूर्य नाहीत असे म्हटले म्हणून ते नसतात का? धम्माबाहेरचे लोक ही उपमा आपल्यावरच उलटवतात. आमचे म्हणणे असे की उपमा अर्धी बरोबर आहे. आपल्याला न दिसणारे काही असू शकते, हे खरे. पण रंगाच्या बाबतीत दहा डोळस माणसे, आपसात न बोलता, त्याच फुलाला लाल म्हणतील. आंधळ्यालाही हे पडताळून पाहता येते. आत्म्याबद्दल असे दहा स्वतंत्र साक्षीदार आणा. प्रत्येक पंथाचा आत्मा वेगळा निघतो. बाबासाहेबांनीही पुनर्जन्माच्या चर्चेत 'कशाचा' आणि 'कुणाचा' हे दोन प्रश्न वेगळे केले. शरीर ज्या महाभूतांचे बनते त्यांचा पुनर्भव मानता येतो, आत्म्याचा नाही.

(पायासीचा प्रयोग क्रूर होता, हे वर्गात आवर्जून सांगावे. मुले प्रयोगावर खूश होतात आणि रांजणातल्या माणसाला विसरतात.)

मग अदृश्य गोष्ट खरी कधी मानायची? कसोटी प्रतीत्यसमुत्पादात आहे. ती कारणांनी घडते का, तिचा परिणाम होतो का, आणि कारण काढले की ती जाते का? राग दिसत नाही, पण तो कशाने येतो आणि कशाने ओसरतो हे पाहता येते. तृष्णेचे तेच. चार आर्यसत्ये याच प्रकारची आहेत. धम्माला संदिट्ठिक, एहिपस्सिक म्हणतात ते यासाठीच: स्वतः येऊन पाहा.

जातीचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये म्हटले की जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची अवस्था आहे. याचा अर्थ ती खोटी आहे असा कुणी लावत असेल तर त्याने महाड आठवावे. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. पाण्याला लागलेला विटाळ कुठल्याही प्रयोगशाळेत सापडला नसता, तो नव्हताच. पण विटाळाची समजूत होती. तिने माणसांची डोकी फोडली आणि कज्जा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत, थेट 1937 पर्यंत चालला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांनी 1895 मध्ये 'सामाजिक तथ्य' ही कल्पना मांडली. जे व्यक्तीच्या बाहेर असते आणि तिच्यावर दाब आणते, ते सामाजिक तथ्य. जात अशीच आहे. विटाळ खोटा, त्याचा दाब खरा, हे दोन्ही एकदम धरता आले पाहिजे. मिलिंद राजाला नागसेनांनी रथाची उपमा दिली तीही इथे उपयोगी पडते: चाके, आस, जू यांपलीकडे 'रथ' नावाचा वेगळा पदार्थ नाही, तरी राजा रथातूनच आला होता. संविधानातला हक्कही तसाच. तो कागद नव्हे आणि शाईही नव्हे.

राहिला 'अध्यात्म' हा शब्द. आपल्या चळवळीत तो उच्चारला की भुवया उंचावतात, आणि बाबा-बुवांचा बाजार पाहता ते बरोबरच आहे. पण पालीत याच शब्दाचे रूप 'अज्झत्त' आहे. सतिपट्ठान सुत्तात 'अज्झत्त' आणि 'बहिद्धा' ही जोडी येते: स्वतःच्या आत आणि बाहेर. तिथे आत्मा नाही. श्वास, वेदना, चित्ताची अवस्था यांचे निरीक्षण आहे. काही कार्यकर्ते ध्यानाला पळवाट म्हणतात, काही साधक मोर्चाला अशांती म्हणतात. सुत्तात मात्र आत आणि बाहेर दोन्ही पाहायला सांगितले आहे.

हा प्रश्न आमच्या कामात रोज समोर येतो. एका वस्तीत ताप उतरत नसलेल्या मुलीला घरचे आधी देवऋषीकडे घेऊन गेले, कारण 'बाहेरचं काहीतरी' दिसत नसले तरी असते, असे त्यांना वाटत होते. दवाखान्यात न्यायला चार दिवस लागले. त्याच वस्तीतल्या एका मुलाला वसतिगृहात जेवायला वेगळे बसवत होते. आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी विचारले, "जात कुठे दिसली तुम्हाला?" मुलीच्या घरी आम्ही विचारले होते: ताप कशाने येतो, कशाने जातो? साहेबांसमोर आम्ही जेवणाच्या रांगेची महिनाभराची नोंद ठेवली: कोण कुठे बसले, कुणाचे ताट वेगळे, कुणी उठवले. त्यांनी ती दोनदा वाचली आणि शिपायाला रेक्टरला बोलवायला पाठवले.