जखमी सैनिकाचे घरी परतणे

रणात पडलेल्या वीराचे पोवाडे होतात; जखमी होऊन घरी परतलेल्या सैनिकाची लढाई मात्र बहुधा अबोल राहते. पाठीचा कणा भंगलेला सैनिक फार काळ जगत नाही, अशी पहिल्या महायुद्धाच्या काळी डॉक्टरांचीही समजूत होती. शय्याव्रण आणि मूत्रमार्गातील जंतुदोष त्याचा बळी घेत.

ही समजूत डॉ. लुडविग गुटमान यांनी खोडून काढली. नाझींच्या छळामुळे १९३९ साली जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले हे ज्यू डॉक्टर १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णविभागाचे प्रमुख झाले. दर दोन तासांनी, अगदी मध्यरात्रीही, रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. पुढे त्यांनी रुग्णांना हातास काम दिले, खेळास लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या १६ माजी सैनिक स्त्रीपुरुषांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. पॅरालिंपिकचा उगम तो हाच.

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पंगू झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहू लागले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. तेही गुटमान यांना परागंदा व्हावे लागलेल्या जर्मनीतच! पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी करून त्यांनी संसार केला.

बरे होणे म्हणजे पूर्ववत चालू लागणेच नव्हे. घरच्यांचा भार न होता त्यांचा आधार होणे, हेही बरे होणेच आहे.