सर्पगंधा : क्रियाद्रव्याचे मापन

सर्पगंधा (राउवोल्फिया सर्पेंटिना; कुल ॲपोसायनेसी) या झुडपाचे मूळ निद्रानाश, उन्माद व सर्पदंशावर परंपरेने वापरले जाते. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दीकी व त्यांच्या सहकाऱ्याने १९३१ मध्ये या मुळातून एक अल्कलॉइड वेगळे काढले व हकीम अजमल खान यांच्यावरून त्याला अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कोलकात्यातील सेन व बोस यांनी मुळाचा रक्तदाब उतरवणारा गुण नोंदवला. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांचा या मुळाबाबतचा ५० रुग्णांवरील अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. रक्तदाब उतरवणारे अल्कलॉइड रेसरपीन मात्र स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये हाती लागले. म्हणजे गुण आधी सिद्ध झाला आणि मोजायचे द्रव्य मागाहून सापडले.

त्यामुळे ‘मुळात किती टक्के’ या प्रश्नाआधी ‘कशाचे टक्के’ हे ठरवावे लागते. एकूण अल्कलॉइडे मोजणे सोपे. पण त्या बेरजेत अजमलीनसारखी, रेसरपीनहून निराळ्या परिणामाची द्रव्येही येतात, आणि भेसळीच्या दुसऱ्या जातीचे मूळही आकडा भरून देते. अमेरिकी औषधकोशाने म्हणूनच रेसरपीन-रेसिनामीन गटाचे किमान ०.१५ टक्के हे मान धरले. अल्कलॉइडांचा मोठा वाटा सालीत असतो; साल खरवडलेले मूळ वजनाला पुरे भरले तरी कसाला उतरत नाही. रेसरपीन उजेडाने बिघडते, म्हणून मापनासाठी काढलेला अर्क झाकून ठेवावा लागतो.

मूळ अखंड द्यायचे असते, एकच घटक मोजून काय साधणार, हा वैद्यांचा आक्षेप निराधार नाही: डॉ. वकील यांच्या रुग्णांना आराम पडला तो मुळानेच. परंतु मापनाचा दावा गुणाचा उलगडा करण्याचा नाहीच. आजची पुडी कालच्या पुडीसारखी आहे का, एवढेच ते सांगते. रेसरपीन जास्त झाल्यास रक्तदाब फार उतरतो व मन खिन्न होते. तेव्हा किमान मर्यादेइतकीच कमाल मर्यादाही हवी. घटकांच्या पट्ट्यांचा पट एचपीटीएलसी (पातळ थरावरील वर्णलेखन) पत्र्यावर उमटतो व जात ओळखू येते. नेमका आकडा एचपीएलसीने (द्रव वर्णलेखनाने) मिळतो. दोन्ही मिळूनच निर्णय द्यावा.