उतारावरचे दहा डबे

जी वस्तू उभी आहे तिच्यावर कसलाच जोर नाही, असा तरुणपणी माझा समज होता. शाळा लवकर सुटली. न्यूटनचे नियम मी युनियनच्या कचेरीत उसन्या पुस्तकातून वाचले. ते नियम 1687 साली छापले गेले. पण मला त्यांचा अर्थ उमगला तो आयर्लंडमधील आर्मा येथल्या अपघाताची हकीकत वाचून.

12 जून 1889. रविवार-शाळेच्या मुलांची सहल घेऊन निघालेली आगगाडी चढावर, माथ्याच्या अलीकडे थांबली. इंजिनाला ओझे पेलेना. तेव्हा गाडी तोडून पुढचे पाच डबे आधी वर न्यावेत असे ठरले. मागचे दहा डबे शांत उभे दिसत होते. पण उभे कशावर? गार्डाच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखालचे दगड, एवढ्यावरच!

चढ 75 फुटांत 1 फूट, म्हणजे दर टनाला सुमारे 13 किलो वजनाइतकी खाली ओढ. डब्यांचे वजन 100 टन धरा. ओढ झाली 1,300 किलोंवर. ब्रेक आणि दगड तिला तेवढाच विरोध करीत होते, म्हणून डबे हलत नव्हते. निघताना पुढचा भाग किंचित मागे सरला, धक्का बसला, दगड चिरडले. तोल गेला. एका बाजूचा जोर शिल्लक राहिला की वेग नुसता येत नाही, क्षणाक्षणाला वाढत जातो. घर्षण सोडून हिशेब केला, तर मिनिटाभरात ताशी 28 किलोमीटर! मागून दुसरी गाडी येत होती. 80 माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ.

गाडी तोडण्याचा निर्णय चुकलाच, ते मी झाकीत नाही. पण ब्रेक कसला होता पाहा. इंजिन नळीतली हवा ओढून घेई तेव्हा तो लागे. नळी सोडताच मागचे डबे त्याला मुकले. याच्या उलट रचनेचा, नळी तुटताच लागणारा ब्रेक तेव्हा ठाऊक होता. सरकारी तपासनीस वर्षानुवर्षे आग्रह करीत होते, कंपन्या खर्च पुढे करीत होत्या. (खर्चाचे हे कारण आम्ही टेबलाच्या अलीकडून पुष्कळदा ऐकले आहे.)

तीन महिन्यांच्या आत पार्लमेंटने कायदा केला. उतारूंच्या प्रत्येक गाडीला सर्व डब्यांवर चालणारा ब्रेक हवा, आणि त्यात कोठे खंड पडला तर तो आपोआप लागला पाहिजे, ही अट त्यात घातली गेली.