दिलेला शब्द आणि गेलेली वीज

चोपडींत नोंद होण्यापूर्वींच मुनिमानें "जमा झालें" म्हणून सांगावें, आणि तोंच दिवा विझावा. संगणकाच्या वेगवान साठवणीपुढें नेमका हाच पेंच उभा राहिला.

१९६७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत दावोन कांग व सायमन झी यांनीं वीज गेल्यावरहि विद्युत्‌भार धरून ठेवणारी रचना मांडली. त्याच तत्त्वावर तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं 'फ्लॅश' स्मृति विद्वानांपुढें ठेविली. १९९१ मध्यें सनडिस्कनें २० मेगाबाइटांचा, फिरती तबकडी नसलेला 'सॉलिड-स्टेट ड्राइव्ह' आयबीएमला पुरविला.

परंतु फ्लॅशची एक खोड आहे. तींत नवें लिहावयाचें तर जुना मोठा भाग आधीं एकदम पुसावा लागतो. तें काम मंद असतें. म्हणून येणारा मजकूर, व तो कोठें ठेविला याची सूचि, पुष्कळ ड्राइव्ह कांहीं क्षण दुसऱ्या चपळ स्मृतींत ठेवितात. ही स्मृति वीज जातांच सर्व विसरते. तरी संगणकास 'लिहिलें' असें कळविलेलें असतें. २०१३ सालीं ओहायो स्टेट विद्यापीठ व एचपी येथील संशोधकांनीं १५ ड्राइव्हांची वीज मुद्दाम तोडून पाहिली. त्यांपैकीं १३ ड्राइव्हांत दोष आढळले.

उपाय आहे तो कपॅसिटरांचा. विजेच्या या लहान घागरी, बाहेरचा प्रवाह थांबला तरी, अर्धवट लेखन पुरें होईपर्यंत पुरतात. मोठ्या कचेऱ्यांसाठीं केलेल्या ड्राइव्हांत त्या सामान्यतः असतात. घरगुती ड्राइव्हांत बहुधा नसतात. वेगाचा आंकडा वेष्टनावर ठळक छापतात. दिलेला शब्द अंधारांत पाळला जाईल कीं नाहीं, हें मात्र ग्राहकानेंच विचारावें लागतें.